गारगोटीच्या जागी

दातांच्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला तेव्हा खुर्ची विकली, दिवा मात्र ठेवून घेतला. त्या दिव्याखाली आता दातांऐवजी जुनी लष्करी पिस्तुलं आडवी पडायची. तोंडात घालायचा छोटा आरसा, टोकदार हुक, मऊ ब्रश, सगळी हत्यारं तीच. त्यांची बायको म्हणायची, यांचे पेशंट आता ओरडत नाहीत एवढाच काय तो फरक.

गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच त्यांच्या पँटी लांब-आखूड करून देणाऱ्या शिंपीणबाई एका सकाळी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेलं एक पिस्तूल घेऊन आल्या. सासरच्या बैठकीत ते भिंतीवर टांगलेलं असे. नवऱ्याच्या खापरपणजोबांचं, असं घरात सांगत. पण ते खापरपणजोबा आधी नुसते सरदार होते, मग सेनापती झाले, आणि गेल्या वर्षी दिराने पाहुण्यांसमोर त्यांना थेट राजाच्या शेजारी नेऊन बसवलं. दर वर्षी त्यांना बढती मिळत होती. खरं काय ते एकदा कळावं, एवढीच बाईंची इच्छा होती. नवऱ्यालाही ते चाललं होतं. त्याला खात्रीच होती की डॉक्टर सेनापतीवर शिक्कामोर्तब करतील.

डॉक्टरांनी पिस्तूल दिव्याखाली घेतलं आणि त्यांचा चेहरा खुलला. चकमकीचं पिस्तूल होतं. घोड्याच्या, म्हणजे वरच्या आपटणाऱ्या खटक्याच्या, जबड्यात गारगोटी धरायची, चाप ओढला की ती पोलादी पाटीवर आपटायची, ठिणगी खालच्या वाटीतल्या दारूवर पडायची आणि तिथून बारीक छिद्रातून नळीत जायची. मुठीच्या बुडाला पितळी टोपी होती, तिच्यावर तुकडीचं नाव आणि एक आकडा ठोकलेला. टोपीत लोखंडी कडी, पट्टा अडकवायला. नळीवर सरकारी तपासनिसाचा इवलासा शिक्का. त्यांनी बाईंना भिंगातून एकेक खूण दाखवली. अधिकारी आपलं पिस्तूल स्वतः विकत घेत, त्यावर चांदी, नक्षी, बनवणाऱ्याचं नाव असे. हे सरकारी होतं. साध्या घोडेस्वाराला नोकरीत लागताना दिलेलं.

“म्हणजे साधा शिपाई,” बाई म्हणाल्या. क्षणभर त्या हिरमुसल्या, मग हसल्या. शिपाई त्यांना सेनापतीपेक्षा जवळचा वाटला. बढती थांबली म्हणून दीर मात्र रुसणार होता.

यानंतर डॉक्टरांनी ते केलं जे ते प्रत्येक जुन्या पिस्तुलाचं करत. एक बारीक लाकडी काठी नळीत घातली, ती अडेपर्यंत सरकवली, नळीच्या तोंडाशी अंगठा धरला आणि काठी बाहेर काढून नळीच्या वरच्या अंगाला लावून पाहिली. काठीचं टोक त्या बारीक छिद्राच्या बरंच अलीकडे थांबत होतं. त्यांनी पुन्हा मोजलं. मग पिस्तुलाचं तोंड भिंतीकडे वळवून त्यांनी ते अलगद खाली ठेवलं आणि बाईंना खुर्ची दुसऱ्या बाजूला घ्यायला सांगितलं.

“बाई, हे भरलेलं आहे.”

बाईंना आधी कळलंच नाही. मग त्यांच्या डोळ्यांसमोर बैठकीतली भिंत आली. दर सुट्टीत मुलं ते खाली काढायची. चोर-शिपाई खेळताना त्याचा चाप ओढायची. त्यांची स्वतःची मुलगीसुद्धा. इतकी जुनी दारू आता मेली असेल ना, असं त्यांनी विचारलं. कोरडी राहिलेली काळी दारू मरत नाही, डॉक्टरांनी सांगितलं. वाटीत वेगळी दारू नसल्यामुळे ते उडालंच असतं असं नाही. पण नळीतले चार कण सांडून वाटीत आलेले असले आणि ठिणगी पडली, तर मग काही सांगता येत नाही.

“मग ठिणगी कशी पडली नाही?” बाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी दिवा खाली ओढला. घोड्याच्या जबड्यात काळी गारगोटी दिसत होती. हुकाने टोकरल्यावर काळा रंग निघाला आणि खाली पिवळट लाकूड दिसलं. कपडे वाळत घालायच्या चिमट्याचा तुकडा होता तो, नीट तासलेला आणि बुटाच्या पॉलिशने काळा केलेला. डॉक्टर बराच वेळ तो पाहत राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी नकली शिक्के पाहिले होते, जोडलेल्या नळ्या पाहिल्या होत्या. पण असली लबाडी पाहिली नव्हती.

घरात पॉलिश करणारं माणूस एकच होतं, बाई म्हणाल्या. सासूबाई.

डॉक्टरांनी नळीत तेल सोडून पिस्तूल मुरत ठेवलं. दारूचा चिखल झाल्याची खात्री पटल्यावर त्यांनी टोकाला स्क्रू असलेल्या दांड्याने परसात बसून सगळं हळूहळू ओढून काढलं: कागदाचा बोळा, शिशाची गोळी, काळा लगदा. मग ते स्वतः बाईंबरोबर त्यांच्या घरी गेले.

सासूबाई खिडकीशी शेंगा सोलत बसल्या होत्या. घरात त्यांना सगळे भित्र्या समजत. गॅस दोनदा बघणाऱ्या, कुलूप ओढून पाहणाऱ्या. डॉक्टरांनी लाकडाचा तुकडा त्यांच्यासमोर ठेवला तेव्हा त्या आधी सुनेकडे आणि मग दाराशी उभ्या असलेल्या मुलाकडे बघायला लागल्या, चोरी पकडल्यासारख्या. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या यजमानांना पाहुण्यांसमोर ठिणग्या पाडून दाखवायची हौस होती. एकदा थोरल्याने ते पिस्तूल धाकट्याच्या कपाळाला लावलं आणि सगळे हसले. दुसऱ्या दिवशी घरात कोणी नसताना त्यांनी गारगोटी काढून नदीत टाकली. सांगितलं असतं तर यजमानांनी नवी आणून बसवली असती. ठिणगी पडेना तेव्हा सगळे म्हणाले, म्हातारं झालं पिस्तूल.

“भरलेलं होतं हे मला माहीत नव्हतं हो,” त्या म्हणाल्या. “मला नुसती भीती वाटली.”

धाकटा म्हणजे शिंपीणबाईंचा नवरा. तो दारातून आत आला आणि आईशेजारी जमिनीवर बसला. डॉक्टरांनी गोळी त्याच्या हातावर ठेवली होती. तिचं वजन तो पुन्हा पुन्हा तोलत होता.

“आई, आम्ही तुला किती हसलो,” तो म्हणाला.

“हसा की. हसायला आहात ना सगळे.”

शिंपीणबाईंनी सासूच्या मांडीवरचं सूप उचलून बाजूला ठेवलं आणि त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. आभार कसे मानायचे असतात हे त्या घरात कोणाला फारसं येत नव्हतं, म्हणून त्या तशाच बसून राहिल्या. सासूबाईंनी हात सोडवून घेतले नाहीत. डॉक्टर खिडकीबाहेर पाहत राहिले.

त्या सुट्टीत दीर आला तेव्हा त्याला घोडेस्वाराची हकिगत सांगण्यात आली. तो रुसला नाही. कपाळाची गोष्ट निघाल्यावर तो उठून धाकट्या भावाच्या शेजारी जाऊन बसला आणि जेवेपर्यंत तिथून हलला नाही. मुलांना पिस्तूल हातात घ्यायची परवानगी आताही होती, फक्त आधी आजीला विचारायचं.