भासऱ्याचा निरोप

विमानतळाच्या तारेला लागूनच केशवचं पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, वावर होतं. अडुसष्ट सालच्या भादव्यात नागपूरच्या त्या अंगाला अळी पडली आणि फवारणीचं छोटं विमान रोज सकाळी पिकावरून घिरट्या घालू लागलं.

त्या विमानात रेडिओ नव्हता. ते इतकं खाली उडे, की बाभळींच्या आड टॉवरवरच्या माणसांना दिसतही नसे. म्हणून एक सोय ठरली. प्रवाशांचं मोठं विमान उतरायला आलं, की टॉवरखाली थांबलेल्या केशवला वरून निरोप मिळे. तो सायकल हाणत वावरात येई आणि बांधावर उभ्या असलेल्या बायकोला, गोपिकेला, हाक मारी. गोपिका हातातलं, फवारणी चालू ठेव सांगणारं पांढरं निशाण ठेवून थांबायचं लाल उचले. लाल दिसलं की मनोहर पायलट तिथल्याच गाडरस्त्यावर विमान टेकवी, आणि मोठं विमान डोक्यावरून जाईतोवर बांधावर बसून तिच्याजवळची भाकर खाई.

"वहिनी, तुमच्या ठेच्यापेक्षा माझं फवारणीचं औषध बरं."

"मंग उद्या तेच आणतो भाऊ, डब्यात."

तो परत वर गेला, की तिच्या ओठांवर जात्यावरच्या चालीत काहीबाही येई:

*पाखरा गं पाखरा, तुझ्या पोटी कोन राहे*
*पऱ्हाटीच्या फुलावून तुझी साउली चालत जाये*

त्या दिवशी केशव तापानं फणफणला होता. टॉवरवरचा निरोप मिळाला त्याच्या मोठ्या भावाला, महादेवरावला. तो तारेच्या फाटकावर चौकीदार होता. मुंबईचं विमान वीस मिनिटं आधीच येतंय, लाल दाखवायला सांग, एवढंच. महादेवराव केशवची सायकल घेऊन निघाला.

महादेवराव गोपिकेचा भासरा. बारा वर्षं दोघं एका घरात राहिली होती, पण एकमेकांशी एक शब्द बोलली नव्हती. भासऱ्यानं भावजयीचं नाव घेऊ नये, तिच्या अंगाला अंग लागेल इतकं जवळ जाऊ नये. त्याला तहान लागली की तो भिंतीकडे पाहून म्हणे, "पाणी पायजे होतं." गडवा उंबऱ्यावर येई. त्यात कोणाला काही अवघड वाटत नसे. घर चालत होतं.

भासरा सायकलवरून बांधाशी उतरलेला दिसला, तशी गोपिकेनं पदर तोंडावर ओढला आणि पाठ करून ती बांधाच्या खोलगटात बसली. पांढरं निशाण तिच्या खांद्याला टेकून तसंच उभं राहिलं. लाल तिच्या मांडीजवळ, मातीत.

महादेवरावानं बाभळीकडे तोंड केलं आणि घरी पडलेल्या भावाचंच नाव घेतलं. "केशव, लाल उचल गा. मोठं विमान येऊन राहिलं."

त्याच वेळी छोटं विमान दोघांच्या वरून घरघरत गेलं. बाभळीला सांगितलेलं त्या आवाजात विरून गेलं.

त्यानं दुसऱ्यांदा सांगितलं, तेही बाभळीलाच. तिसऱ्यांदा जरा मोठ्यानं; पण तोवर विमान वळून परत डोक्यावर घरघरत होतं. नाव ओठांशी आलं होतं, पण ते त्यानं कधी उच्चारलंच नव्हतं. निशाण आपणच उचलावं म्हणून तो पुढे सरला, आणि तिच्या पाठीवरचा पदर दिसला तसा थांबला.

गोपिका पदराआड बसून वाट पाहत होती. भासरे जात काहून नाहीत? ते जातील तेव्हा उठता येईल.

ढगाच्या पोटातून मोठं विमान खाली आलं. वावराच्या टोकाशी नाक वर उचलता उचलता मनोहरला ते समोरच दिसलं असेल. त्यानं आपलं विमान एका पंखावर कलतं केलं आणि तो मोठ्या विमानाच्या वाटेतून बाजूला निघाला. चाळीसेक माणसं डोक्यावरून सुखरूप गेली, उतरली, आपापल्या पिशव्या घेऊन घरी गेली. त्यांना काही कळलंही नाही. कललेला पंख मात्र सावरला नाही. तो पऱ्हाटीत रुतला. मनोहर तिथंच गेला. पिवळ्या फुलांवर औषधाची पांढरी भुकटी कितीतरी वेळ उतरत राहिली.

पाचव्या दिवशी विमानतळाच्या एका खोलीत चौकशी झाली. खोलीत बाकावर मनोहरची आई, सत्यवतीबाई, बसली होती. साहेबांनी महादेवरावला विचारलं, "निरोप दिला होता?"

"देल्ला होता साहेब. तीन डाव सांगतलं."

साहेबांनी लिहून घेतलं आणि गोपिकेकडे पाहिलं. तीन डाव सांगूनही हिनं निशाण उचललं नाही, असंच आता कागदावर राहणार होतं. गोपिका पदर ओढून दाराशी उभी होती. भासऱ्यासमोर तिला बोलता येत नव्हतं. शेजारी उभा केशव हळूच म्हणाला, "बोल वं."

ती साहेबांच्या टेबलाकडे पाहून बोलली. "साहेब, यायले इचारा. कोनाले सांगतलं?"

साहेबांनी विचारलं.

"केशवले," महादेवराव म्हणाला.

"केशव तर तापानं घरी पडला होता."

"हो."

"मग तिथे होतं कोण?"

महादेवरावानं टोपी काढून हातात धरली. "भावजय होती."

"मग तिला का नाही सांगितलं?"

"तिच्यासंग बोलत नसतेत साहेब."

 बाकावरून सत्यवतीबाईनं विचारलं, "तुम्हा दोघांच्या मध्ये किती पावलं होती हो?"

 ओठ हलवत महादेवरावानं मनातल्या मनात पावलं मोजली.

"सात," तो म्हणाला. "आठ असन, माय."