ओवलेला निकाल

आमच्या केंद्रात आग कधीच लागली नाही. जे काही नुकसान झालं, ते आग विझवताना झालं.

साल चौऱ्याहत्तर. विद्यापीठाचं सोलापुरातलं केंद्र म्हणजे चार खोल्या, एक व्हरांडा आणि निकाल तयार करणारं एक मशीन. प्रत्येक विद्यार्थ्यामागं एक पुठ्ठ्याचं कार्ड असे. गुणांप्रमाणे त्या कार्डाला भोकं पाडायची आणि क्रमानं लावलेला गठ्ठा मशीनला खाऊ घालायचा. मग मशीन भोकं चाचपून निकाल छापून देई. कुणाच्या कार्डात कुठं भोक पडणार, हे मास्तर ठरवत. पाडायचं काम मात्र वच्छलाबाईंचं.

वच्छला अक्कलकोटकडच्या एका गावची, मेंढरं राखणाऱ्या घरातली पहिली मॅट्रिक. नोकरी हंगामी. मशीन वर्षभराच्या बोलीवर आलेलं होतं. मशीन परत गेलं की जागा जाणार आणि जागा गेली की वच्छला गावाकडं. गावाकडं तिच्यासाठी दोनशे मेंढरांचा मालक बघून ठेवलेला होता. वच्छलेनं दोन्ही पाहिलं होतं. मेंढरं तिला पसंत होती.

अशात मुख्यालयाचं परिपत्रक आलं. दुसऱ्या कुठल्याशा केंद्रात छप्पर गळून सगळी कार्डं लगदा झाली होती. तेव्हा प्रत्येक केंद्रानं संकटकाळाची योजना लिहावी, कार्डांचा दुसरा संच दुसऱ्या इमारतीत ठेवावा आणि उपकुलसचिवांसमोर तालीम करून दाखवावी. ज्या केंद्राला हे जमणार नाही, तिथलं मशीन जमणाऱ्या केंद्राकडं जाईल.

आमचे अधीक्षक हिंदुराव माळशिरसचे. लिहायला बसले की उसाच्या सरीसारखे सरळ लिहीत सुटत. त्यांनी योजना छप्पन्न पानांची केली. त्यात आग, पूर, भूकंप, टोळधाड आणि हत्ती अशी पाच संकटं होती. हत्ती शिपाई ज्ञानबानं सुचवला होता. त्याच्या करमाळ्याकडच्या एका जत्रेत हत्ती बिथरला होता म्हणे. हिंदुरावांनी त्यावर अडीच पानं लिहिली. दुसऱ्या संचाबद्दल मात्र एकच ओळ होती : "जागा समिती ठरवील."

समितीत तीन सभासद होते आणि तिघं एका दिवशी सोलापुरात कधी सापडत नव्हते. वच्छलेनं दोन महिने वाट पाहिली. शेवटी पाडून तयार ठेवलेला दुसरा संच एका पत्र्याच्या ट्रंकेत भरून तिनं पूर्व भागातल्या आपल्या भाड्याच्या खोलीवर नेला आणि कुणाला सांगितलं नाही.

शुक्रवारी उपकुलसचिव आले. शनिवारी चारला निकाल फळ्यावर लागायचा होता, म्हणजे तालीम आणि निकाल दोन्ही बघून त्यांना परत जाता येणार होतं.

हिंदुरावांनी सकाळीच ज्ञानबाला बाजूला घेतलं. "हे बघ, मी शिट्टी मारून आग म्हणून ओरडणार. तू अगदी खरी आग लागल्यासारखं वागायचं. साहेबांना पटलं पाहिजे."

"बादल्यात वाळू न्हाय साहेब. गवंड्यानं नेली. पानी भरलंय."

"भरलेल्या आहेत ना? मग झालं."

अकरा वाजता शिट्टी झाली. "आग! आग!"

"कुटं?" ज्ञानबा व्हरांड्यातून धावत आला.

"इथं! मशीनजवळ!"

पहिली बादली कार्डांच्या गठ्ठ्यांवर गेली. दुसरी शेजारी ठेवलेल्या छप्पन्न पानी योजनेवर. तिसरी उपकुलसचिवांच्या बुटांवर. बूट काळे होते, ज्ञानबाला ते जळाल्यासारखे वाटले.

गठ्ठ्यांवरून पाणी खाली ठिबकू लागलं.

"अरे, खरंच टाकलंस?" हिंदुरावांनी विचारलं.

"तुमीच म्हनला की, खरी आग समजून. आनि इजली बी."

एक हजार एकशे चाळीस कार्डं फुगून पापडासारखी वाकडी झाली होती. मार्कांच्या याद्यांवरून सगळी पुन्हा पाडायची तर बारा दिवस लागणार होते. वच्छलेनं एक कार्ड उचललं, तर ते मधोमध ओघळलं.

उपकुलसचिवांनी खाली वाकून बूट पुसले. मग ताठ होऊन म्हणाले, "उत्तम! इतकी खरीखुरी तालीम मी कुठंच पाहिली नाही. बाकीचे नुसत्या शिट्ट्या फुंकतात. हं, आता दुसरा संच आणा. उद्या चारला निकाल लागला तर मशीन इथंच. नाही लागला, तर सोमवारी ट्रक येईल."

हिंदुरावांनी योजनेचं एकोणचाळिसावं पान शोधलं. शाई वाहून तिथं आता समिती नव्हती आणि जागाही नव्हती. "दुसऱ्या संचाची जागा, साहेब, विचाराधीन आहे."

"साहेब, संच माज्या खोलीवर हाय," वच्छला म्हणाली. घाबरली की तिच्या बोलण्यात गाव यायचं.

"कुणाच्या परवानगीनं?" हिंदुराव गरजले.

वच्छलेनं ओल्या योजनेकडं बोट केलं. "परवानगी विचाराधीन आहे, साहेब."

उपकुलसचिव हसले की खोकले ते कळलं नाही. त्यांनी टांगा बोलवायला सांगितलं.

वच्छलेची घरमालकीण गौरम्मा चादरी विणणाऱ्या घरातली. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत संसार, वर माळवदावरच्या खोलीत वच्छला. ट्रंक जड, वर चढेना म्हणून खाली मागाशेजारीच ठेवलेली होती. वच्छलेनं झाकण उघडलं आणि ती तशीच बसून राहिली.

कार्डं होती, पण सुटी नव्हती. पहिल्यापासून हजारएकशेचाळिसाव्यापर्यंत सगळी दोन्ही टोकांना पक्क्या सुतानं ओवून, घडीवर घडी घालून ठेवलेली. वरचं टोक धरून उचललं तर माळच्या माळ वर येऊ लागली.

"गौरम्मा, हे काय केलंत ओ?"

"काय केला म्हंजे?" गौरम्मानं माग थांबवला. "अय्यो, एवढे शिकल्या आणि कार्ड सुटे ठेवता? हे बगा." तिनं वर बोट केलं. मागावर तशीच भोकांची कार्डं माळेनं टांगलेली होती. चादरीवर फूल कुठं उमटायचं ते ही कार्डं सांगतात, आणि ती ओवलेली असतात म्हणूनच फूल जागेवर राहतं. "एक इकडचा तिकडं झाला, तर फुलाच्या जागी देठ येतो. मागं एकदा पोरांनी ट्रंक ढकलली, म्हणून ओवून टाकले. आठ दिवस लागले मला."

"अहो, पण नवी भोकं पाडलीत की!"

"कडेला पाडली. आधी सगळी कार्डं बगितली, एकेक. ह्या दोन कडांना कुणाचाच भोक नाही. फुलाला हात लावीन का ओ मी? तीस वर्षं झाली ह्या कामाला."

उपकुलसचिवांनी चष्मा पुसून माळ न्याहाळली. "बाई, तुम्हाला हे काय वाटलं?"

"डिझाईन लई वाईट आहे साहेब," गौरम्मा स्पष्टच म्हणाली. "लांबच्या लांब जाते, फूल कुठं लागतच नाही. ह्याची चादर कोण घेणार?"

उपकुलसचिवांनी मान डोलावली. त्या वर्षीचे गुण त्यांना ठाऊक होते.

शनिवारी सकाळी वच्छला आणि ज्ञानबानं सूत हलकेच ओढून काढलं. कार्डं कोरडी होती आणि एकही क्रम सोडून नव्हतं. दोनच्या सुमाराला गठ्ठा मशीनमध्ये गेला आणि निकालाचा कागद भराभरा बाहेर येऊ लागला.

पहिला पास, दुसरा पास, तिसरा पास.

शेवटपर्यंत सगळे पास. हजार एकशे चाळीसच्या हजार एकशे चाळीस.

"लई झ्याक निकाल हाय!" ज्ञानबा खूश झाला. "आमचा मेव्हना कोंडीबा बी निघाला. चौथ्यांदा बसलाय बगा."

हिंदुराव कागदाकडं बघत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळत होता. "शंभर टक्के," ते पुटपुटले. "सबंध विद्यापीठात पहिलं केंद्र. वच्छलाबाई, मशीन कधी खोटं बोलत नाही, असं तुम्हीच म्हणाला होता ना?"

"मशीन खरंच बोलतंय साहेब. आपण त्याला खोटं वाचायला दिलंय." वच्छलेनं एक कार्ड उजेडात धरलं. एका कडेचा रकाना मशीन वाचतच नव्हतं. दुसऱ्या कडेचा मात्र ग्रेसच्या गुणांचा होता. गौरम्माचा दाभण नेमका तिथल्या सात या आकड्याच्या जागेवर बसला होता. प्रत्येकाला सात गुण कृपेचे मिळाले होते, आणि नापासांतलं कुणीच सातापेक्षा जास्त गुणांनी मागं नव्हतं.

"मग आता?" हिंदुरावांनी घड्याळ पाहिलं, पावणेतीन झाले होते. "एकेक भोक बुजवायचं?"

"राहू द्या की साहेब," ज्ञानबा म्हणाला. "गौरम्मानं दिल्यात, आपल्या खिशातनं न्हाय जात."

वच्छला कार्डाकडंच बघत होती. ह्या कडांना कुणाचाच भोक नाही, गौरम्मा म्हणाली होती. सगळी कार्डं बघून म्हणाली होती. म्हणजे यंदा ग्रेस कुणालाच मिळालेला नव्हता, आणि त्या रकान्यात खरं असं वाचण्यासारखं काहीच नव्हतं.

ती मशीनच्या मागं गेली. तिथं तारांचं जाळं होतं, एकेका रकान्याची एकेक तार. तिनं शेवटून पहिली तार उपटली आणि ज्ञानबाच्या हातात दिली. "धरा. निकाल लागेपर्यंत सोडू नका."

"झटका बसंल की!"

"आता नाही बसणार."

मशीन पुन्हा सुरू झालं. चारला पाच मिनिटं असताना निकाल फळ्यावर लागला. शेकडा सेहेचाळीस. कोंडीबा चार गुणांनी गेला. निकाल लागला तरी ज्ञानबानं हातातली तार सोडली नव्हती.

महिन्याभरानं उपकुलसचिवांचा अहवाल आला. संकटकाळाची खरीखुरी तालीम करणारं एकमेव केंद्र म्हणून हिंदुरावांचं अभिनंदन होतं. सोबत सर्व केंद्रांना परिपत्रक होतं : दुसऱ्या संचाची कार्डं यापुढं सुतानं ओवून ठेवावीत, भोकं न वाचल्या जाणाऱ्या रकान्यात पाडावीत आणि तालमीच्या वेळी मूळ कार्डांवर किमान एक बादली पाणी टाकावं. ओवायच्या आधीच पाणी टाकून मोकळी झालेली केंद्रं नंतर बरेच दिवस आम्हाला पत्रं लिहीत होती. हिंदुरावांनी प्रत्येकाला योजनेची प्रत पाठवली, हत्तीसकट.

मशीन राहिलं. वच्छलेच्या नावानं कायम केल्याचा हुकूम आला. तो घेऊन ती धावतच घरी आली आणि गौरम्मासमोर धरला. "गौरम्मा, कायम झाले! आता गावाला जायचं नाही!"

गौरम्मानं माग थांबवला, कागद हातात घेतला आणि उजेडाला धरून दोन्ही बाजूंनी नीट पाहिला.

"सही आहे, शिक्का आहे," ती म्हणाली. "पण सुटाच दिला की ओ तुम्हाला."

आणि कडेला कुठं अक्षर नाही, ते बघत तिनं दाभण उचलला.