लाल रेषेपलीकडचा एल्क

नकाशावरच्या दोन समोच्च रेषांमध्ये सकाळी तांदळाचा दाणा मावत होता, दुपारी मावेना. ऋजुताने तो आडवा ठेवून पाहिला, उभा ठेवून पाहिला. डोंगर चढा होत चालला होता. त्याबरोबर स्वयंपाकघरही कललं आणि टेबलावरची वाटी घसरू लागली. तिने वाटीखाली फडकं अडकवलं आणि पुन्हा नकाशात डोकं घातलं.

मोन्टानाच्या त्या डोंगरात ती एल्कच्या शिकारीला एकटी जाणार होती. एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण. गेल्या हंगामात तिचा नवरा हेरंब असाच एकटा गेला, तो परतला नाही. बर्फ पडलं आणि शोध थांबला. एल्क हे लोकांना सांगायला होतं. तिला हेरंबला खाली आणायचं होतं.

सगळं ठरलं होतं, फक्त लाल रेषा आखायची राहिली होती. एकट्याने जाताना ती आधी आखायची, हे त्यानेच शिकवलेलं. मारलेलं जनावर तुकड्यातुकड्यांनी पाठीवरून खाली आणावं लागतं. जिथून ओझं उतरणार नाही तिथे रेषा. तिच्यापलीकडे एल्क अगदी समोर उभा राहिला तरी बंदूक उचलायची नाही.

वाईहून सासूबाईंचा फोन आला.

"काय गं, तुझ्या त्या सांबराचं कुठवर आलं?"

"एल्क, आई."

"तेच ते. शिंगं घरात मावणारेत का?"

दोघी जरा हसल्या.

"पळसाची पानं पार वाळलीत," सासूबाई म्हणाल्या. देह सापडला नाही की पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी देतात. गुरुजी वर्षभर विचारत होते. "अशी बांधायला घेतली तर मोडतील. तू हो म्हण, मी भिजत घालते. तुझ्याशिवाय नाही करायची मी."

"थोडं थांबा, आई."

"थांबलेच आहे."

फ्रिजची बाजू आता बरीच उंच गेली होती. तिथे बर्फ होतं, एक एल्क उभा होता आणि त्याच्या पायांशी हेरंब मोजे पिळत बसला होता.

"परतीच्या खेपा मोजल्यास?" त्याने विचारलं.

"मोजतेय."

"मी वाळलोय बराच. जड नाही जाणार."

तिने त्याचं वजन धरलं, आपली पाठ धरली, उतार धरला. पुन्हा मांडलं. उत्तर तेच आलं.

"ओझं उतरत नाही," ती म्हणाली.

"मग आख."

एका हाताने टेबलाची कड धरून तिने लाल पेन्सिल टेकवली. रेषा नकाशावरून उतरली, फरशीवरून चढत गेली आणि हेरंबच्या अलीकडून निघून गेली. एल्क आडवा वळला आणि स्तब्ध उभा राहिला. हेरंबने मोजे खाली ठेवले. त्याच्या प्रत्येक बोटाला तीन-तीन पानं फुटली होती, कडांना वाळलेली.

"ऋजुता? आहेस ना?" फोनमधून आवाज आला.

"आई," ती म्हणाली, "पानं भिजत घाला."