पुसून नेलेली बंदूक

त्या दिवशी सकाळी हवा अशी होती, की कपडे दोरीवर टाकावेत तर वाळायच्या ऐवजी आणखी ओले व्हावेत. धुकं नुकतंच वर उचललं होतं. गवत पायाला गार लागत होतं आणि वारा औषधालाही नव्हता. अशी हवा मला नको वाटते. का, तेच सांगायला बसलेय.

मी बंदूक. घाबरू नका, आजवर मी कुणाला मारलेलं नाही. एका लहानशा विमानतळावर पाखरं उठवायची, एवढंच माझं काम. माझ्या काडतुसात छर्रे नसतात, नुसता आवाज असतो. मला वागवणारा म्हातारा बावीस वर्षं हेच करतोय. माझ्याआधी त्याच्याकडे दुसरी होती, ती झिजून गेली. सगळे त्याला पाखरूबाबा म्हणतात. खरं नाव पगारपत्रकालाच ठाऊक.

पाखरं उठवणं म्हणजे नुसता बार काढणं नव्हे. पहिल्या बाराला थवा उठतो, पण तिथंच घिरट्या घालत राहतो, कुठं जावं ते त्याला कळत नाही. दुसरा बार त्याच दमात काढला, की तो दिशा धरतो. म्हणून तर माझ्यासारखी घेतली. पुढची मूठ मागं ओढली की रिकामी पुंगळी बाहेर उडते, पुढं ढकलली की नवं काडतूस आत. खर्र, खट्ट. आणि नुसता पहिलाच बार झाला तर? तर तो न झालेलाच बरा. खाली गुमान बसलेली पाखरं आपल्याच हातानं विमानाच्या वाटेत नेऊन सोडल्यासारखं होतं.

त्या सकाळी तेच झालं. सकाळपासून दहा-बारा बार झाले होते, आणि विमान खाली येत होतं. बाबानं पहिला बार काढला, थवा उठला. त्यानं मूठ ओढली. मूठ येईना. पुंगळी माझ्या घशात रुतून बसली होती. त्यानं माझा दस्ता जमिनीला टेकवला, दोन्ही हातांनी ओढलं. वर पाखरं, आणि पाखरांच्याही वर विमानाचं पांढरं पोट. वैमानिक शहाणा, त्यानं विमान पुन्हा वर घेतलं आणि एक फेरी मारून उतरवलं. कुणाला काही झालं नाही. पण बाबा गवतात बसला तो किती तरी वेळ उठलाच नाही.

खोट माझी होती, जन्माची. कारखान्यात माझी नळी आतून कोरत होते तेव्हा पातं बोथट झालं होतं. पाळी संपत आली होती. कामगारानं घड्याळाकडं पाहिलं, पात्याकडं पाहिलं नाही. काडतूस बसतं तिथं आतून बारीक खरखर राहिली. बोटाला लागत नाही, सहज डोळ्याला दिसत नाही. मी कोरडी असले, तेल प्यायलेली असले, तर काही नाही. दमट हवेत दहा-बारा बार झाले, काजळी धरली, की पुंगळी चिकटलीच म्हणून समजा. पण मला वाचा कुठं?

विमानतळाचे साहेब म्हणाले, "गॅरंटी आहे ना बाबा? मग न्या दुरुस्तीला."

बाबानं मला आपल्या खोलीपुढच्या पायरीवर घेतलं. पाहुण्यांकडं न्यायच्या लेकरासारखं मला चोळलं, पुसलं, नळीतून फडकं फिरवलं, तेल दिलं. दुरुस्तीवाला मिस्त्री मला हातात घेऊन म्हणाला, "वा! काय जपलीय हो!" बाबा लाजला. मिस्त्रीनं मागच्या अंगणात वाळूच्या ढिगावर तीन बार काढले. खर्र, खट्ट. मी एकदाही अडकले नाही. अडकायचं होतं हो मला! कागदावर त्यानं लिहिलं, 'दोष आढळला नाही.' बाबाला वाचता येत नाही. त्यानं तो कागद दुसऱ्याकडून वाचून घेतला आणि घडी करून खिशात ठेवला.

पुढच्याच दमट सकाळी मी पुन्हा अडकले. पुन्हा चोळणं, पुन्हा तेल, पुन्हा तीन बार. या वेळी मिस्त्रीनं हळूच विचारलं, "वय काय तुमचं, बाबा? ही मूठ जरा दणकून ओढावी लागते."

बाबानं मला उचललं आणि परत आणलं. साहेबांनी तर उघडच सांगितलं. "बंदूक दोनदा तपासली. आता हात तपासायचे राहिले." वर असंही म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून आपण पाखरांसाठी भोंगाच लावू. तुम्ही दमलात."

तेव्हापासून बाबा येता-जाता आपले हात बघायला लागला. डब्याचं झाकण घट्ट लावायचा आणि उघडून बघायचा. ओलं फडकं पिळायचा, किती पाणी निघतंय ते बघायचा. एक दिवस मला म्हणाला, "तुझं काही नाही गं, माझंच बळ सरलं." आपली खोट दुसऱ्याच्या माथी, आणि आपण मुकाट. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

गॅरंटीचे चार दिवस उरले होते. त्या सकाळी पुन्हा धुकं आलं, आणि मी पुन्हा अडकले. नशीब, आभाळ रिकामं होतं. बाबानं माझ्या पोटातली काडतुसं काढून घेतली. घशात तेवढी रिकामी पुंगळी राहिली. पायरीवर बसून ती काढायला त्यानं काठी घेतली, शेजारी फडकं आणि तेलाची बाटली ठेवली.

शेजारच्या खोलीतल्या वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा नवरा इथंच आगीच्या बंबावर होता, आता नाही. त्या स्वतः तीस वर्षं दवाखान्यात आया होत्या.

"काय चाललंय भाऊजी?"

"उद्या शेवटचं नेतो हिला. जरा पुसून घेतो."

"मागं नेलीत तेव्हाही पुसली होती?"

"मग! अशीच घाण न्यायची? लोक तोंडात शेण घालतील, वहिनी."

वहिनी पायरीवर बसल्या. "आमच्या दवाखान्यात आया यायच्या पोरं घेऊन. म्हणजे माझ्यासारख्या नव्हे, खऱ्या आया. तापलेल्या पोराला घरीच गोळी द्यायच्या, अंग पुसायच्या, पावडर लावायच्या. डॉक्टरांपुढं पोर खुदुखुदु हसतंय. न्या घरी म्हणायचे, काही झालं नाही. संध्याकाळी तेच पोर परत, फणफणलेलं."

बाबाचा हात काठीवरच थांबला.

"म्हणजे मीच..."

"तुम्हीच. ठेवा ती काठी, ते फडकं. पुंगळी आहे तशी राहू द्या. आणि उद्या मी येते बरोबर. तुमचा भरवसा नाही, वाटेत पुसाल."

दुसऱ्या दिवशी विमानतळाच्या जीपमध्ये माझा जीव टांगणीला लागला होता. प्रत्येक खड्ड्याला वाटायचं, सुटली पुंगळी, गेलं सगळं मुसळ केरात. बाबाचा हात दोनदा खिशातल्या रुमालाकडं गेला. दोनदा वहिनींनी त्याच्या मनगटावर चापट मारली.

मला बघून मिस्त्री म्हणाला, "अरेरे, काय ही दशा!" बाबा कानापर्यंत लाल झाला. पण म्हणाला, "पुसायची नाही. आधी ओढून बघा."

मिस्त्री तरणाताठा, दंड असे की बाही आवळावी. त्यानं ओढलं. मग गुडघ्यात धरून ओढलं. मग टेबलाला टेकवून, दात खाऊन ओढलं. घाम पुसत म्हणाला, "येत नाही हो!"

बाबा आपल्या हातांकडं बघत उभा राहिला. जन्मात पहिल्यांदा मला अडकल्याचं बरं वाटलं.

मिस्त्रीनं गज घालून पुंगळी ठोकून काढली. नळीत दिवा धरून एक डोळा मिटला, आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला. "आत ओरखडे आहेत. कारखान्याचीच चूक. नळी बदलून देतो, गॅरंटीतच." त्यानं कागदावर ते लिहिलं. बाबानं ते त्याच्याकडूनच दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा ऐकताना म्हणाला, "साहेबांना कळेल असं लिहिलंय ना?"

आता मी इथं, दुरुस्तीच्या टेबलावर पडून आहे. उद्या ही नळी जाईल. तिच्याबरोबर माझा आवाजही जाईल. नव्या नळीचा आवाज पाखरं ओळखतील की नाही, धाकधूक आहेच. पण तुम्हाला एक मागणं आहे. आम्हाला जपा, खुशाल चोळा-पुसा. मात्र दुखणं दाखवायला नेताना नटवून नेऊ नका. आम्हाला सांगता येत नाही हो.

मघाशी मला इथं ठेवून निघताना बाबानं खिशातून रुमाल काढला. काढला, आणि चोरी सापडल्यासारखा तसाच थबकला.

वहिनी म्हणाल्या, "पुसा आता, भाऊजी. ताप डॉक्टरांनी बघितला."