सौदा न घेता यापा

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. माझ्या तोंडावर दोनच शब्द कोरलेत: 'देणं शून्य'. मूठ लाकडी आहे, कडा झिजल्यात आणि स्वभाव चिडका आहे. माझी हकीकत ऐकून घ्या, तुम्हीही चिडाल.

माझा जन्म इक्वाडोरच्या डोंगरात, युराकपांपा गावातल्या एका छापखान्यात झाला. तिथून मी थेट करकचेरीच्या खिडकीत आलो, एफ्राइन मोस्केरा यांच्या हाताखाली. एफ्राइनसाहेब मला फार जपायचे. ज्याचं पीक गारठ्याने गेलं, जिचा नवरा वारला, अशांच्याच कागदावर मला टेकवायचे. म्हातारीकोतारी माणसं माझ्या जांभळ्या ठशाकडे बघून देवाचं नाव घ्यायची. तेव्हा मला माझ्या कामाचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू!

मग ते वाईट वर्ष आलं आणि बँकांनी दारं लावली. चौकातल्या मोठ्या बँकेने आपल्याच मित्रमंडळींना कर्जं वाटली होती, ती सगळी बुडाली. सरकारने लोकांच्या पैशांतून तिचा खड्डा बुजवला. बाजारात अख्खं डुक्कर भाजून विकणाऱ्या सेनाइदाबाईंनी नव्या भट्टीसाठी साठवलेले पैसे त्याच बँकेत अडकले होते. ते हातात आले तोवर देशाचं जुनं चलन जाऊन डॉलर आला होता, आणि त्यांची किंमत इतकी घसरली होती की भट्टी सोडा, भट्टीचं दारसुद्धा येईना.

चार वर्षांनी एका सकाळी सेनाइदाबाई आमच्या खिडकीशी आल्या. त्यांना चाळीस डॉलर कर भरायचा होता, नाहीतर गाळ्याला सात दिवसांचं टाळं.

"एफ्राइनसाहेब, जुन्या भट्टीला तडा गेलाय, निम्मा धंदा बसलाय. बँकेत बुडालेलं तरी वजा करा की!"

"नाही हो बाई. लहान दुकानदाराला तोटा वजा करता येत नाही. ठरलेला आकडा भरायचाच."

तेवढ्यात बँकेचे वकील आले. आमच्याकडे वकिलालाही डॉक्टरच म्हणतात. रांग मोडून त्यांनी कागद पुढे सरकवला. नफा साठ लाख डॉलर, कर शून्य.

एफ्राइनसाहेबांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "डॉक्टर, एवढा नफा, आणि कर काहीच नाही?"

"मागचा तोटा वजा केलाय."

"कुठला तोटा? तो तर सरकारने भरला ना!"

"कुणी का भरला असेना, वह्यांत तो आमचाच आहे. कायद्यात बसतं. मारा शिक्का."

सेनाइदाबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! म्हणजे यापा मागताय होय!"

मित्रांनो, यापा म्हणजे सौदा घेतल्यावर वर मिळणारा जास्तीचा घास. बाई थांबेनात. "किलोभर मांस घेतलं की कुरकुरीत कातडीचा तुकडा मी वर देतेच, डॉक्टर. पण गिऱ्हाईक आधी पैसे मोजतं! तुम्ही मांस नेलंत आमच्या पैशाने, आणि यापाही आमच्याकडूनच?"

रांग खदखदून हसली. डॉक्टरांचे कान लाल झाले. आतून मोठे साहेब ओरडले, "मोस्केरा, कायदे तुम्ही करता का? मारा म्हणतोय ना शिक्का!"

आणि एफ्राइनसाहेबांनी मारला. मला ओरडायचं होतं, पण रबराला कुठला आवाज! ठसा मात्र नेहमीसारखा स्वच्छ उमटला, आणि त्याचीच मला लाज वाटली.

मग साहेबांनी एक चूक केली. शाई वाळायच्या आत त्यांनी सेनाइदाबाईंच्या कागदावरही मला दाबलं. "ही माझ्याकडून यापा, कासेरिता," ते पुटपुटले. बाजारात ओळखीच्या विक्रेतीला सगळे लाडाने कासेरिताच म्हणतात. पण यापा आपल्या टोपलीतून द्यायची असते, दुसऱ्याच्या नाही.

तिसऱ्याच दिवशी तपासणी झाली. बाईंचं शून्य रद्द झालं, चाळीसावर वीस डॉलर दंड बसला, आणि भर बाजारात त्यांच्या गाळ्याला टाळं लागलं. एफ्राइनसाहेबांना कायमचं घरी पाठवलं. जाताना त्यांनी मला खिशात टाकलं. बँकेच्या शून्याला कुणी बोटसुद्धा लावलं नाही. का, तर ते कायद्यात बसत होतं!

आठव्या दिवशी गाळा उघडला. एफ्राइनसाहेब माफी मागायला गेले, म्हणून खिशातून मीही हजर होतो. तेवढ्यात कोण यावं? डॉक्टर! किलोभर मांस घेतलं, पैसे मोजले आणि सवयीने म्हणाले, "आणि यापा, कासेरिता?"

सेनाइदाबाईंनी सुरी खाली ठेवली. "दिली की, डॉक्टर. चांगली सात दिवस दिली. दुकानाला टाळं लावून घेऊन."

डॉक्टरांनी पुडी उचलली आणि मान खाली घालून निघून गेले.

एफ्राइनसाहेबांनी मला खिशातून काढून तिथेच बाईंना देऊन टाकलं, आणि आता मी त्यांच्या तराजूच्या लंगड्या पायाखाली असतो. अंगावर चरबी ठिबकते, माश्या बसतात, पण निदान तराजू सरळ उभा राहतो. मित्रांनो, तुमच्यातलं कुणीतरी उद्या कायदे लिहील, कुणाच्या हाती शिक्का येईल. बुडत्या बँकेला लोकांनी हात दिला असेल, तर तिच्या नफ्यातून आधी लोकांचे पैसे परत घ्या. लोकांनी भरलेला तोटा तिला स्वतःचा म्हणून वजा करू देऊ नका. आणि शिक्का जपून वापरा. बँकेच्या कागदावर मी शून्य उमटवलं, तेव्हा तो कर नाहीसा झाला नाही. तो रांगेत शेजारी उभ्या असलेल्या बाईच्या डोक्यावर बसला, आणि तिच्या भट्टीचा तडा अजून तसाच आहे.