लटारूच्या काड्या

"खरं बोल निकेश, माह्या बापाच्या काड्या तुह्या भट्टीत गेल्या का नाई?"

"अबे येड्या, विटांची भट्टी कोंड्यावर चालते. तुह्या काड्यायनं माही बिडी नाई पेटत."

भूपेशनं ऐकलं ते बिडीचंच. हात सरळ कॉलरवर गेला, निकेश ट्रॅक्टरवरून खाली. पानठेल्यावरची माणसं मधात पडली म्हणून बरं. याचा निकाल गावच्या बैठकीतच लावा, असं ठरलं.

पोंभुर्ण्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वळणावर काड्यांचा ढीग आहे, माणसाच्या डोक्याहून उंच. बाहेरचे लोक गाडी थांबवून फोटो काढतात अन् विचारतात, होळी एवढ्या लवकर कशी रचली? वाघानं माणूस नेला की त्या जागी येणाऱ्या-जाणाऱ्यानं काडी टाकायची, ही इकडची रीत. हा ढीग लटारूचा. लटारू म्हणजे भूपेशचा बाप.

वाघानं बाप नेला तेव्हा भूपेश पहिलीत. शाळेची वाट तिथूनच. बाकीची पोरं बोटाएवढी काडी भिरकावून पळायची. हा अख्खी फांदी घासत आणायचा. बाप आत बसला आहे, त्याला थंडी वाजत असंन, असं त्याला वाटायचं. "बाबा, घे!" म्हणून ओरडायचा. उशीर झाला म्हणून मास्तर छड्या द्यायचे. नववीत शाळा सुटली, काडी टाकणं नाही सुटलं.

अन् आता ढीग खचत चालला होता. वाळवी म्हणावी तर तिची माती कुठं दिसेना. वाळकी लाकडं गायब, ओली जागच्या जागी. चोर निवडून नेत होता. भूपेशला सारा गाव चोर दिसू लागला. बुधरीच्या अंगणात एवढं सरपण कुठून? करिश्माचा बाप वळणावर सायकलवरून उतरतो कशाला? शेवटी ढिगाला घासून गेलेली ट्रॅक्टरची चाकोरी दिसली, अन् संशय निकेशवर जाऊन बसला.

बैठकीच्या दिवशी दुपारी भूपेश पळसाच्या झुडपात दडून बसला. निकेशला रंगेहात धरायचं अन् तसाच ओढत न्यायचा.

बायका शेतातलं लाखोळीचं पीक उपटून परतल्या. एकेकीनं काडी टाकली, पुढे गेल्या. एक मागे राहिली. तिनं पदर खोचला, वाळक्या काड्या ओढल्या, मोळी बांधली, वरून लाखोळी पसरली.

"माय, तू?"

भागीरथा दचकलीसुद्धा नाही. "मंग? कोणाच्या बापाचं घेऊन राह्यली? तुह्याच!"

"लोकायनं त्याच्यासाठी टाकलं ना!"

"अन् तो मले म्हणे, जंगलात तू पाय नोको ठेवू, चुलीले लाकूड मी पुरवतो. मेला तरी पुरवून राह्यला. रोजचा भात कशावर शिजते, पाह्यलं का कधी?"

साऱ्या गावाच्या अंगणात डोकावून आलेल्या भूपेशनं आपली चूल तेवढी पाहिली नव्हती.

"मले सांगाचं होतं ना. तिकडं निकेशले सारे चोर म्हणून राह्यले."

"पह्यले कोण म्हणलं?"

मग त्याची नजर मोळीवर गेली. "चोरी नाई, तं वरून लाखोळी काऊन झाकली?"

भागीरथानं चुंबळ डोक्यावर ठेवली. मोळीला हात लाव, एवढंच म्हणाली. त्यानं मोळी तिच्या डोक्यावर चढवली.

"माहं नाव घेशीन तिथी?"

"घ्या लागंन."

"बायका काय म्हणतीन रे?"

"बैठक बसली असंन, माय. मले निंगा लागते आता."