आंब्रोझचा लुळा हात

"चर्चमध्ये मग जा डॉक्टर. आधी आंब्रोझचा हात बघा."

मी अजून बोटीतून धक्क्यावर दोन्ही पाय टेकवले नव्हते, तोच येर्काने माझी बाही धरली. वारा सुटला होता. तिच्या डोक्यावरचा रुमाल फडफडत होता आणि एका हाताने ती तो दाबून धरत होती.

त्या वेळी मी एकतीस वर्षांचा होतो. दर मंगळवारी स्प्लितहून बोटीने या बेटावर यायचो, तीन तास रोगी तपासायचो आणि दुपारच्या बोटीने परत जायचो. उरलेला सगळा आठवडा गाव येर्काच्या हाती असे. अठ्ठावन्न वर्षांची, ठेंगणी, जाड तळव्यांचे बूट घालून पायऱ्यापायऱ्यांच्या गल्ल्या चढणारी नर्स. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलं होतं. तरी दुखल्याखुपल्याशिवाय तिची आठवण कुणाला होत नसे, आणि खरं सांगायचं तर मलाही नसे.

"हात? अहो सिस्टर, आज वित्सकोची माती आहे."

"म्हणूनच म्हणतेय."

वित्सको म्हणजे गावातल्या तेलघाणीचा मालक. रविवारी सकाळी तो स्वतःच्याच अंगणातल्या पाण्याच्या टाकीत सापडला होता. मागून डोकं फुटलेलं, आणि टाकीवर दगडी झाकण पुन्हा नीट बसवलेलं. त्या झाकणाला मधोमध लोखंडी कडी होती. चांगल्या धडधाकट माणसाने दोन्ही हातांनी ओढल्याशिवाय ते जागचं हलत नसे. शनिवारी संध्याकाळी दारूच्या गुत्त्यात बांधावरून वित्सकोशी भांडला होता तो कुझ्मा, गावचा गवंडी. दगड उचलण्यातच त्याचा जन्म गेलेला. इन्स्पेक्टरने सोमवारी येऊन त्याला बेड्या घातल्या, आणि आज तीनच्या बोटीने तो त्याला घेऊन जाणार होता.

"काल आंब्रोझकडे इंजेक्शन द्यायला गेले होते," येर्का सांगू लागली. "उजव्या तळहाताला घट्टे पडलेत. बोटांच्या मुळाशी फोड फुटलाय, ताजा. विचारलं तर म्हणाला, चुलीवर भाजलं."

"भाजलं असेल. त्या हाताला काही जाणवत नाही, त्याला कळलं नसेल."

"भाजल्याचा फोड कसा असतो ते मला शिकवता? हा घासल्याचा आहे. कडीला गंज असतो ना, तसला तांबूस डाग होता कातडीत." ती थांबली. "आणि त्याचा वाळलेला दंड पुन्हा भरलाय, हे मी तुम्हाला गेल्या हिवाळ्यातच सांगितलं होतं. तुम्ही काय म्हणालात, आठवतंय?"

मला आठवत होतं. मी हसून म्हणालो होतो, सिस्टर, तुम्ही मालिश छान करता, पण चमत्कार काही करत नाही.

तीन वर्षांपूर्वी आंब्रोझ झाडावरून खांद्यावर पडला, तेव्हा मीच त्याला तपासलं होतं. नसा ताणल्या गेल्या होत्या. हात खरोखरच लुळा पडला होता. सुई टोचली, चिमटा काढला, काही कळत नव्हतं. एकटा माणूस, बायको वारलेली, बोलायला गोड. गावाने त्याला उचलून धरलं. त्याचे द्राक्षवेल छाटायचे ते शेजाऱ्यांनी, ऑलिव्ह झोडायचे ते शेजाऱ्यांनी. एका पावसाळ्यात त्याच्या उतारावरची भिंत ढासळली, तेव्हा कुझ्माने अख्खा हिवाळा खपून दगडावर दगड रचून ती पुन्हा उभी केली. आंब्रोझ डोळ्यांत पाणी आणून सगळ्यांना दुवा द्यायचा. आणि दर वर्षी मी एका कागदावर लिहून द्यायचो, उजवा हात कायमचा निकामी. पहिल्या वर्षानंतर तो हात मी हातात घेऊन पाहिलाच नव्हता. त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत सही ठोकायचो.

चर्चची घंटा वाजू लागली. "इन्स्पेक्टरला सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं की. म्हणाले, बाई, डॉक्टरांचा कागद आहे. नर्सचं ऐकू की डॉक्टरांचं?"

माती देऊन सगळं गाव वित्सकोच्या अंगणात परतलं. अंजिराखाली लांबच लांब टेबलं मांडली होती. माशांचा रस्सा, पाव, खारवलेली सार्डिन मासळी, पाणी मिसळलेली वाइन. वित्सकोची बहीण दोब्रिला काळ्या कपड्यांत वाढत होती. कोपऱ्यात ती टाकी. तिच्या झाकणावर कुणीतरी फुलं ठेवली होती. दोब्रिलाचा जबाब घ्यायचा राहिला होता म्हणून धक्क्याकडे जाता जाता इन्स्पेक्टर तिथे थांबला, आणि बेड्या घातलेल्या कुझ्माला शिपायाने फाटकाशी बसवलं. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. एक म्हातारा जाता जाता त्याच्या दिशेने थुंकला.

आंब्रोझ टेबलाच्या टोकाला बसला होता. उजवा हात नेहमीसारखा गळ्यातल्या झोळीत. शेजारीण त्याच्या ताटातल्या माशाचे काटे काढून देत होती.

येर्का आपली पेटी घेऊन सरळ त्याच्यापाशी गेली. "आंब्रोझ, हात दाखव. डॉक्टरांना बघायचाय."

"आत्ता? जेवणात?" तो हसला. "येर्का, माझा हात काही पळून जात नाही. तो बिचारा जाणार कुठे?"

दोन-चार जण हसले. दोब्रिला मात्र भडकली. "माझ्या भावाच्या जेवणात हा काय तमाशा मांडलाय? तुला लाज कशी वाटत नाही गं?"

इन्स्पेक्टरने वाइनचा ग्लास खाली ठेवला. "बाई, मी सकाळीच सांगितलं तुम्हाला. कागद आहे."

आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. येर्काने मात्र पाहिलं नाही. ती पेटी उघडून सुई पुसत होती. मी गप्प राहिलो असतो तरी ती काही बोलली नसती, आणि तीनच्या बोटीने कुझ्मा गेला असता.

"कागद माझा आहे," मी म्हणालो, आणि माझाच आवाज मला परका वाटला. "पण दोन वर्षं मी हा हात न तपासताच सही करत आलोय. सिस्टर तपासतील. माझ्या सांगण्यावरून."

आंब्रोझने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग आपणच झोळी सोडवली. "घ्या. ठोका खिळे हवे तेवढे."

येर्काने बाही वर सारली आणि मनगटाच्या वर सुई चांगली खोल टोचली. रक्ताचा थेंब आला. आंब्रोझ हूं की चूं न करता तिच्याकडे बघून हसत राहिला. तिने तळहातात टोचली. तरी तेच.

"झालं समाधान?" कुणीतरी मागून ओरडलं. "लुळ्या माणसाला छळते म्हातारी!"

"चळ लागलाय हिला," दुसरा म्हणाला. मलाही वाटलं, चुकलो आपण, आणि हिलाही तोंडघशी पाडलं.

येर्का सावकाश म्हणाली, "बरोबर आहे, हात बधिर आहे. आता कुठवर बधिर आहे तेवढं डॉक्टरांना लिहून देते, म्हणजे पुन्हा कुणी तुला त्रास देणार नाही." तिने डोक्याचा रुमाल सोडला आणि त्याच्या डोळ्यांवर बांधला. "सुई लागली की 'हो' म्हण. नाही लागली की 'नाही' म्हण. तेवढंच."

"म्हणतो, बाई."

तिने मानेला सुई लावली.

"हो."

डाव्या दंडाला. "हो."

उजव्या मनगटाला. "नाही."

उजव्या अंगठ्याला. "नाही."

डाव्या कानाला. "हो!" म्हणून तो हसला. लोकही हसले.

मग ती सुई हवेत धरून नुसतीच उभी राहिली. आंब्रोझ गप्प. अंगणात वाऱ्याने टेबलावर अंथरलेल्या कागदाचे कोपरे हलत होते. वीस-बावीस आकडे मोजण्याएवढा वेळ गेला असेल. तिने त्याच्या उजव्या करंगळीला सुईचं टोक हलकेच टेकवलं.

"नाही," आंब्रोझ म्हणाला.

पुन्हा ती थांबली. पुन्हा तो गप्प. पुन्हा तिने उजव्या कोपराला टेकवलं.

"नाही."

येर्का वळली. "साहेब, मी नुसती उभी होते तेव्हा हा गप्प होता. लुळ्या हाताला सुई टेकली की टेकली, लगेच 'नाही' म्हणतो. हाताला काही कळतच नाही, तर सुई कधी टेकली हे याला कोण सांगतं?"

क्षणभर कुणाच्या काही लक्षात आलं नाही. सगळ्यांत आधी फाटकाशी बसलेला कुझ्मा हसला. मोठ्याने, पोट धरून. मग दोब्रिलाच्या हातातलं भांडं खाली पडलं.

आंब्रोझने रुमाल ओरबाडून काढला. तोही उजव्या हाताने.

पुढचं इतक्या झटक्यात घडलं की माझ्याच्याने हलवलं नाही. टेबल उलटलं, रस्सा सांडला, आणि त्याने येर्काचा गळा धरला. दोन्ही हातांनी! तीन वर्षं ज्या हातापायी गावाने त्याला घास भरवले, त्या हाताच्या शिरा दोरासारख्या फुगल्या होत्या. त्याने तिला उचलून मागे रेटत रेटत टाकीवर आदळलं. फुलं उडाली.

"भवाने! आयुष्यभर लोकांची ढुंगणं पुसलीस आणि आता माझ्या मुळावर उठलीस?"

शिपाई बंदूक शोधत होता, इन्स्पेक्टर खुर्च्यांत अडकला होता. येर्काचा चेहरा काळानिळा पडत चालला होता. पण तिचे डोळे शांत होते. तिने डाव्या हाताने त्याचं उजवं कोपर चाचपलं, हाडांच्या खोबणीत अंगठा घातला आणि सगळं बळ एकवटून दाबला.

आंब्रोझ गुरासारखा ओरडला. बोटं आपोआप उघडली. जी नस मेली म्हणून मी सह्या केल्या होत्या, तीच नस होती ती.

ती बाजूला घसरली, आणि कुझ्मा बेड्यांसकट त्याच्यावर येऊन पडला. मग अख्खं अंगण तुटून पडलं. त्याला जमिनीवर दाबून धरायला सहा माणसं लागली. दोघं तर नुसत्या उजव्या हातावर बसले होते.

"पहिल्याच वर्षी हलायला लागला होता!" तोंडात माती गेली तरी तो बोलत होता, रडत होता. "काय सांगणार होतो? दर वर्षी वाटायचं, एवढी द्राक्षं उतरली की सांगू. मग तुम्ही पुन्हा कोयते घेऊन यायचात. वित्सकोने मला खाडीत होडी ओढताना पाहिलं. म्हणाला, रविवारी चर्चबाहेर सगळ्यांना सांगतो. हसत होता! सगळं गाव हसलं असतं माझ्यावर!"

शिपायाने कुझ्माच्या बेड्या काढून आंब्रोझला चढवल्या. कुझ्मा मनगटं चोळत त्याच्याकडे बघत राहिला.

"गाढवा," तो म्हणाला, "दोन हात जोडून मागितली असतीस, तरी बांधून दिली असती भिंत."

जो म्हातारा थुंकला होता, तो टोपी काढून कुझ्मासमोर उभा राहिला. कुझ्माने त्याच्याच हातातला ग्लास घेतला, एका दमात रिकामा केला आणि परत दिला. मग मात्र गलका झाला. कुझ्माची बायको धावत आली, लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, मयताचं घर आहे हेही कुणाला भान राहिलं नाही. दोब्रिला स्वतःच रडत, हसत ओरडत होती, "वाजवा रे, घंटा वाजवा! माझ्या वित्सकोला ऐकू जाऊ दे!" इन्स्पेक्टर आंब्रोझला घेऊन धक्क्याकडे गेला, तेव्हा घंटा घणघणत होती. मी त्या बोटीने गेलो नाही.

मी येर्काचा गळा तपासला. बोटांचे दहाच्या दहा ठसे उठले होते. आवाज पार बसला होता.

"सिस्टर, मी…"

तिने हातानेच मला गप्प केलं आणि पोटावर हात ठेवला. सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं.

दोब्रिलाने टेबल सरळ केलं, पुसलं, आणि वित्सकोच्या रिकाम्या खुर्चीवर तिला बसवलं. पातेल्यात तळाशी रस्सा उरला होता, तो वाढला. येर्का पाव बुडवून मऊ करून एकेक घास कष्टाने गिळू लागली. हळूहळू गलका थांबला. माणसं आपापल्या जागी येऊन बसली. ऊन अंजिरावरून उतरून भिंतीवर गेलं, कुणाच्या शेळ्या दोहायच्या होत्या, कुणाची होडी सुटायची होती. पण कुणी उठलं नाही. तिने वाडगं तिरकं करून शेवटचा थेंब पावाने पुसून घेतला, आणि बोटाने वाडग्याच्या काठावर टकटक केली. आणखी वाढा.

चार बायका एकदम उठल्या.